पराक्रम पदक कुणाला ओळखता येतं का?

परमवीर, महावीर, वीर चक्र ही नावं धडाधड म्हणून दाखवणारी पुष्कळ माणसं आपल्या ओळखीत असतात, पण पराक्रम पदक कशासाठी मिळतं असं विचारलं की बहुतेक सगळे अडकतात. नावावरून वाटतं काहीतरी मोठा पराक्रम गाजवला असेल, दोनचार बंकर वगैरे उडवले असतील. तसं काही नाहीये. कुठल्याही ऑपरेशनमध्ये किंवा दहशतवादविरोधी कारवाईत शत्रूच्या थेट हल्ल्यात जो सैनिक जखमी झाला त्याला हे पदक मिळतं, बस. आधी त्याला सरळ वुन्ड मेडलच म्हणायचे आणि जुने फौजी अजूनही तेच म्हणतात. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा.

हे मला माहिती असायचं कारण आमचे मामा. आईचे थोरले भाऊ, मूळ साताऱ्याकडचे, इन्फन्ट्रीत होते, आता रिटायर होऊन पुण्यात धानोरीत राहतात. नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये एका घराला वेढा घालून बसलेले असताना आतून ग्रेनेड आला आणि त्याचे छर्रे मामांच्या डाव्या पायात आणि खांद्यात घुसले. पाय वाचला पण घोटा कायमचा आखडला, त्यामुळे ते चालताना पाय जरा बाहेरून फिरवून टाकतात. खांद्यातला एक तुकडा डॉक्टरांनी काढलाच नाही, काढण्यात जास्त धोका होता म्हणे, तो अजून आत आहे. मागे पाठीसाठी एमआरआय करायचा होता तेव्हा तिथल्या मुलाने फॉर्म भरताना विचारलं की काका अंगात कुठे धातूचा तुकडा आहे का, पेसमेकर, स्क्रू, प्लेट असं काही. मामा म्हणाले आहे. कसला? ग्रेनेडचा. तो मुलगा दोन मिनिटं फॉर्मकडेच बघत बसला, कारण फॉर्मवर तसला ऑप्शनच नव्हता. मग मोठ्या डॉक्टरांना बोलवा, एक्सरे काढा, तुकडा नक्की कुठे आहे ते बघा, अशी सगळी वरात.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदनाला मामांना कोटावर पदकं लावून बोलावतात. दरवर्षी कुणीतरी नवीन भाडेकरू विचारतो, हे कशाचं? आणि मामांचं उत्तर ठरलेलं, "चुकीच्या जागी उभा होतो, त्याचं."

लोक हसतात आणि विषय तिथेच संपतो. मला मात्र हे उत्तर आवडत नाही आणि मी त्यांच्याशी यावरून बरेचदा भांडलोय. त्यांचं म्हणणं असं की गोळी लागणं हे काही शौर्य नाही, नशीब आहे, शेजारी उभा असलेला माणूस जास्त धाडसी होता पण त्याला काही लागलं नाही म्हणून त्याला पदक नाही, मग यात माझं काय कर्तृत्व. फौजेत असं मानणारे बरेच आहेत. आणि वरवर बघितलं तर मुद्दा बरोबरच वाटतो.

पण आता शौर्यपदक कसं मिळतं ते बघा. तुम्ही काहीतरी केलं, ते कुणीतरी बघितलं पाहिजे, बघणारा जिवंत राहिला पाहिजे, त्याने ते वरिष्ठांना सांगितलं पाहिजे, वरिष्ठांना ते लिहिता आलं पाहिजे, मग ती शिफारस एकेका पायरीने वर गेली पाहिजे आणि प्रत्येक पायरीवर कुणालातरी ती पटली पाहिजे. रात्रीच्या अंधारात, नाल्यात, बर्फात किती जणांनी काय काय केलं असेल ज्याचा साक्षीदारच उरला नाही. परमवीर चक्र आत्तापर्यंत फक्त २१ जणांना मिळालंय आणि त्यातले १४ मरणोत्तर. जखमेला ही साक्षीदारांची भानगड लागत नाही. कुणी चांगलं इंग्रजी लिहिणारा साहेब लागत नाही. त्या क्षणी तो माणूस तिथे होता आणि जे व्हायचं ते त्याच्या अंगावर झालं, एवढीच अट, आणि ती हॉस्पिटलच्या कागदावर आपोआप नोंदवली जाते. माझ्या मते फौजेतलं सगळ्यात प्रामाणिक पदक हेच आहे. मामा म्हणतात तू जास्त वाचतोस.

रामा राघोबा राणेंचं उदाहरण मी त्यांना नेहमी देतो. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर तुकडीतले, तिचं केंद्र खडकीला, म्हणून आपल्या खडकीचेच म्हणायचे. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्त्यावर पाकिस्तान्यांनी सुरुंग पेरलेले आणि झाडं तोडून आडवी टाकलेली, आणि आपले रणगाडे पुढे न्यायचे होते. ८ एप्रिलला सुरुंग काढायचं काम सुरू होताच मॉर्टरचा मारा झाला, दोन सॅपर जागीच गेले आणि पाच जखमी झाले, त्या पाचात खुद्द राणे. तो माणूस तसाच कामाला लागला, पुढचे काही दिवस सुरुंग काढत, अडथळे उडवत, कधी रणगाड्याच्या खालून सरपटत, ड्रायव्हरला दोरीने इशारे देत रस्ता मोकळा करत गेला. परमवीर चक्र मिळालं, जिवंतपणी मिळालं, नंतर मेजर म्हणून रिटायर झाले आणि १९९४ साली आपल्या पुण्याच्याच कमांड हॉस्पिटलमध्ये गेले. आता त्यांची गोष्ट सांगताना जखमेला किती जागा मिळते? एक ओळ. सुरुंग, रणगाडा, रस्ता हे सगळं लक्षात राहतं आणि जखम कंसात जाते. त्या दिवशी जखमी झालेल्या बाकी चौघांची नावं तर आपल्याला माहितीही नाहीत.

साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या बऱ्याच गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी लावलेली. मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच, की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक इतके लोक गेले आणि त्यापैकी तमुक इतक्यांनी प्राण दिले. गेले किती आणि मेले किती, दोन आकडे. मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, एक पाय घेऊन जो परत आला तो पहिल्या आकड्यात धरला गेला आणि संपला. तिसरा आकडाच नाही.

आणि गंमत म्हणजे त्याच इंग्रजांनी त्याच युद्धात, १९१६ मध्ये, जखमी सैनिकांसाठी डाव्या बाहीवर लावायची पितळेची उभी पट्टी काढली होती. प्रत्येक वेळच्या जखमेला एक पट्टी. म्हणजे युनिफॉर्म अंगावर आहे तोवर ओळख होती, गावाच्या भिंतीवर नव्हती. फ्रान्सनेही त्याच वर्षी जखमींसाठी खूण काढली. जर्मनांनी १९१८ मध्ये जो बिल्ला काढला त्यात तर प्रतवारी होती, एकदोन जखमांना काळा, तीनचार जखमांना किंवा हात-पाय वगैरे गेला तर रुपेरी, पाच किंवा जास्त असतील तर सोनेरी. मला हे वाचून जरा कसंतरीच झालं, पण विचार केला तर निदान हात गेलेला माणूस आणि चार टाके पडलेला माणूस यात फरक आहे हे त्यांनी कबूल तरी केलं होतं. अमेरिकेचं पर्पल हार्ट सगळ्यांना सिनेमांमुळे माहिती असतं, जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ मध्ये काढलेल्या बिल्ल्यावरून त्यांनी ते १९३२ मध्ये परत सुरू केलं. तिथे वाद वेगळाच, मनाला झालेली जखम धरायची का. युद्धावरून परत आल्यावर ज्यांना झोप लागत नाही, फटाका वाजला की जे जमिनीवर आडवे होतात त्यांना पर्पल हार्ट द्यायचं का यावर बरीच चर्चा होऊन २००९ मध्ये पेंटागॉनने नाही म्हणून सांगितलं. आमच्याकडे दिवाळीत मामा टीव्हीचा आवाज मोठा करून आतल्या खोलीत बसतात, मामी खिडक्या लावून घेते, आणि याबद्दल घरात कुणी एक शब्द काढत नाही. असो.

पुण्यात राहून हा विषय टाळता येत नाही खरं तर. बाकी शहरांत आर्मी म्हणजे परेड आणि कँटीन, पण पुण्यात जखमी फौजींचा एक वेगळा नकाशाच आहे आणि आपण त्याच्या बाजूने रोज गाडीवरून जातो. वानवडीला कमांड हॉस्पिटल. तिथेच आर्टिफिशियल लिंब सेंटर, म्हणजे कृत्रिम हातपाय बसवण्याचं केंद्र, १९४४ सालचं, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गेलेल्यांसाठी काढलेलं. १९७१ च्या युद्धात सिल्हेटजवळ सुरुंगावर पाय पडल्यावर स्वतःच्या खुकरीने स्वतःचा पाय तोडणारे गोरखा रायफल्सचे मेजर इयान कार्डोझो, त्यांना नवा पाय इथेच मिळाला आणि त्या पायावर त्यांनी पुढे बटालियन आणि ब्रिगेड दोन्ही कमांड केलं. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि नंतर इथे आलं, अपंग जवानांना हातात काहीतरी कसब देऊन परत पाठवायचं म्हणून. आणि खडकीलाच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४ चं, पाठीचा कणा निकामी झालेल्या जवानांसाठी.

या शेवटच्या जागेबद्दल थोडं जास्त लिहितो. मामांचे एक जुने ओळखीचे तिथे होते म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथे राहणारे सगळेच लढाईत जखमी झालेले नसतात हे मला आधी माहितीच नव्हतं. कुणाची गाडी दरीत कोसळली, कुणी ड्युटीवर उंचावरून पडलं, कुणाला गोळी लागली. व्हीलचेअर सारखीच, बेडसोअरची भीती सारखीच, कॅथेटर सारखाच, सकाळी उठवून बसवणारा अटेंडंट सारखाच. काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, काही जण व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात आणि अजिबात दयामाया न दाखवता एकमेकांवर खुर्च्या आदळतात. यात पराक्रम पदक कुणाला? गोळीवाल्याला. गाडीवाल्याला नाही, कारण शत्रूची थेट कारवाई ही अट. फौजेच्या भाषेत हा बॅटल कॅज्युअल्टी आणि तो फिजिकल कॅज्युअल्टी. पेन्शनचा हिशोबही तिथूनच वेगळा होतो. नियम म्हणून मला कळतं, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण सियाचीनचं काय? १९८४ पासून आपली पोरं तिथे बसलीयेत आणि तिथे गोळीपेक्षा बर्फानेच जास्त माणसं घेतलीयेत हे सगळ्यांना माहिती आहे. हिमदंशाने ज्याची बोटं कापावी लागली त्याला शत्रूने काही केलं नाही, असं म्हणायचं? शत्रू समोर होता म्हणूनच तो तिथे उभा होता ना. पदकाची व्याख्या अक्षरशः घेतली तर तो बाहेरच राहतो. हे मला पटत नाही, आणि मामांनाही पटत नाही, या एका मुद्द्यावर आमचं एकमत आहे.

ज्यांची नावं झाली त्यांची नावं दुसऱ्याच वाटेने झाली हेही बघण्यासारखं आहे. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, ईएमईतले, म्हणजे फौजेची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातले जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झाला. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलला वर्ल्ड रेकॉर्ड करून सोनं जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सोनं. पद्मश्री कधी मिळाली? २०१८ ला. शेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कार तर २०२५ उजाडल्यावर. आणि होकाटो सेमा, नागालँडचे, २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात पाय गेला, आपल्या लिंब सेंटरमध्ये असताना कुणाच्या तरी नजरेत आले, खडकीच्या बीईजीमधल्या, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्याच केंद्रातल्या, आर्मीच्या पॅरालिम्पिक नोडमध्ये गोळाफेक शिकले आणि २०२४ ला पॅरिसमध्ये चाळिसाव्या वर्षी ब्राँझ आणलं. दोन्ही माणसं डोंगराएवढी. पण म्हणजे जखमी जवानाने आपल्या लक्षात राहायचं असेल तर त्याने आधी पॅरालिम्पिक मेडल आणायचं, अशी ही अट झाली की. ज्याला पोहता येत नाही, गोळा फेकता येत नाही, जो धानोरीत दूध आणायला जातो आणि घोटा दुखतो म्हणून रिक्षा करतो, त्याचं काय.

त्याच्या वाट्याला टक्के येतात. मेडिकल बोर्ड बसतं आणि तुमच्या पायाच्या, कानाच्या, खांद्याच्या अपंगत्वाचे टक्के काढतं, आणि अपंगत्वाचं पेन्शन त्यावर ठरतं. मामांचे तीस टक्के निघाले. ते जखमी झाल्यावर लगेच घरी आले नाहीत, लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण फिट नसल्याच्या शेऱ्यासह, नोकरी पूर्ण केली आणि मगच रिटायर झाले, आणि हीच गोष्ट त्यांना नडली. म्हणजे कसं बघा. टक्के राउंड करायची एक पद्धत आहे, ब्रॉड बँडिंग म्हणतात, पन्नासच्या खाली असतील तर पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असतील तर पंचाहत्तर, त्याच्या वर असतील तर शंभर. पण १९९६ पासून हा फायदा फक्त जखमेमुळे फौजेतून बाहेर काढलेल्यांना मिळत होता. ज्याने आखडलेल्या घोट्याने उरलेली वर्षं ओढली त्याला नाही. शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा फायदा द्या. त्यानंतर मामांची फाईल हलायला लागली, तीसचे पन्नास व्हायचे होते. एका ऑफिसात त्यांच्या बोर्डाचा मूळ कागद सापडेना, तिथला क्लार्क म्हणाला तुम्ही जखमी झाल्याचा पुरावा आणा. मामांनी काय करावं, शर्टाचं बटण काढायला सुरुवात केली. मी हात धरला नसता तर त्यांनी भर ऑफिसात खांदा दाखवला असता. मग घरी येऊन ट्रंक उपसली, आणि त्यात पदकाबरोबर आलेला कागद निघाला, ज्यावर तारीख, युनिट, सगळं. त्या कागदावरून पुढची साखळी लागली आणि काम झालं.

म्हणून ज्यांच्या घरी असे कुणी आहेत त्यांना एकच सांगणं, ते कागद आत्ताच शोधून स्कॅन करून ठेवा, डिस्चार्ज बुक, बोर्डाची कॉपी, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, पदकाचं पत्र. आणि तुमचे वडील किंवा आजोबा नोकरी पूर्ण करून आलेत आणि पेन्शनमध्ये अजून मूळचेच टक्के दिसतायत तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. म्हातारी माणसं स्वतः जात नाहीत, त्यांना मागायची लाज वाटते.

आर्मीने २०१८ हे वर्ष ड्युटीवर अपंगत्व आलेल्या जवानांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आपल्याला पत्ता तरी होता का? मलाही मामांकडूनच कळलं.

घोरपडीच्या बाजूला जे वॉर मेमोरियल आहे, सदर्न कमांडचं, लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं, १९९८ मध्ये खुलं झालं, तिथे मी अधूनमधून जातो. तिथे भिंतीवर नावं आहेत ती गेलेल्यांची, आणि ती असलीच पाहिजेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझी माती माझा देश म्हणून सरकारने गावोगावी शिलाफलक लावले, तेव्हा मामांच्या गावातही लागला, आणि मी मुद्दाम वाचायला गेलो. देशासाठी प्राण दिलेल्यांची नावं. शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजांची पाटी तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. पाटी बदलली, दगड बदलला, भाषा आपली झाली, पण जखमी होऊन परत आलेला माणूस याही दगडावर नाहीच.

मी सरपंचांना म्हटलं, दगड लावलाय तो लावलाय, पण ग्रामपंचायतीत माजी सैनिकांचा जो बोर्ड आहे त्यावर तरी पराक्रम पदकवाल्यांची वेगळी ओळ करा, गावात मामा धरून तिघे जण आहेत. मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "अहो सरपंच, ह्याचं काय ऐकताय, बोर्डावर नाव आलं की लोकांना वाटतं गेला." सरपंच हसले, मग मला म्हणाले ग्रामसभेत ठेवतो, तुम्ही तेवढी तिघांची पदकाची पत्रं आणून द्या. दोघांची मिळाली आहेत. तिसऱ्याचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो म्हणतो घरी असं काही पदक असल्याचं त्याला माहितीच नाही, रविवारी ट्रंक बघतो म्हणालाय.